आयत्या वेळचे विषय

आमच्या कोल्हापूरच्या चर्चच्या वार्षिक सभेत अहवाल वाचून झाला, जमाखर्च मंजूर झाला, सूचक-अनुमोदकांची नावं लिहून झाली आणि अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय तेवढे उरले. एरवी या वेळी कुणी मागच्या बाकांवरच्या पंख्याचं काढतं, कुणी स्मशानभूमीच्या कुंपणाचं. सकाळच्या उपासनेपासून माणसं बसलेली होती. बाहेर ओट्यावर चहाची किटली आली होती, आल्याचा वास दारातून आत येत होता, आयांनी मुलांचे स्वेटर पिशव्यांत भरायला घेतले होते. जानेवारीतलं ऊन खिडकीच्या रंगीत काचेतून तिरकं येऊन गालिच्यावर पडलं होतं. पाळकसाहेबांनी समारोपाच्या प्रार्थनेसाठी हात जोडले, तेवढ्यात डावीकडच्या बाकावरून एक आजी उभ्या राहिल्या. पुढच्या बाकाची पाठ एका हाताने धरली, दुसऱ्या हाताने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "साहेब, ह्ये समदं झ्याक झालं. पर यंदा यायचं कोन कोन बंद झालं, त्ये कुठं ल्हिवलंय?"

कुणीच काही बोललं नाही.

आमचे सेक्रेटरी शांत स्वभावाचे आहेत. त्यांनी अहवालाची पानं पुन्हा चाळली. बाप्तिस्मे होते, दृढीकरणं होती, विवाह होते, प्रभूमध्ये निजलेल्यांची नावं होती आणि ती वाचताना आम्ही सगळे उभे राहिलो होतो. बदलीपत्र घेऊन दुसऱ्या मंडळीत, म्हणजे दुसऱ्या चर्चमध्ये, गेलेली कुटुंबंही होती. ती ओळ त्यांनी वाचून दाखवली. आजींनी मान हलवली. "पत्र घिऊन गेली ती सांगून गेली की. न सांगता गेली त्यास्नी इचारते मी." मग पाळकसाहेब म्हणाले, आजींचा प्रश्न महत्त्वाचा आहे, तो कमिटीपुढे घेऊ. प्रार्थना झाली, आशीर्वाद झाला, लोक चहाकडे वळले. दुपारी घरोघरी मटणाच्या रश्शाची फोडणी बसली असेल. माझ्या मात्र गळ्यातून त्या दिवशी घास नीट उतरला नाही.

पहिल्यांदा मला थोडा रागच आला होता, हे खरं. अहवालातलं भगिनी मंडळाचं पान मी लिहिलं होतं. त्यात एक शब्द खोटा नव्हता. वर्षभर माणसं राबली होती, नोकऱ्या करून, घरातलं आजारपण काढून, पदरचं पेट्रोल जाळून. त्यांच्या कामाचा एक पानी मजकूर टाळ्यांसाठी नाही तर निदान नोंद म्हणून तरी वाचला जावा आणि त्यावर शेवटचा शब्द असा प्रश्नाचा नसावा, असं मला वाटलं. आजींचा प्रश्न योग्य आहे हेही त्याच क्षणी कळत होतं. राग आणि पटणं दोन्ही एकाच वेळी मनात बसून राहिलं.

म्हणून मी ते वर्ष पुन्हा एकदा आठवून पाहिलं.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात घरोघरच्या प्रार्थनासभा झाल्या. अहवालात ही एक ओळ आहे. प्रत्यक्षात ती संध्याकाळ असते. स्कूटरवर पुढे पेटी ठेवून एकजण गल्लीत शिरतो, मागे तबल्याची पिशवी. दोन खोल्यांच्या घरात सतरंजी अंथरलेली असते, कॉट उभी करून भिंतीला टेकवलेली, दाराबाहेर चपलांचा ढीग. ज्यांचं घर, ती बाई दुपारपासून अस्वस्थ असते आणि गाणं सुरू झालं की तिचा चेहरा सैल होतो. ना. वा. टिळकांची भजनं निघाली की पेटीवाल्यालाही जोर येतो, कारण ती ओव्या-अभंगांच्या चालीतली, इथल्या जिभेला सोपी. एका घराच्या शेजारी माळकरी काका राहतात. ते उंबऱ्याबाहेर पायरीवर येऊन बसले, मांडीवर बोटांनी ठेका धरत. नंतर सगळ्यांबरोबर त्यांनीही चहा घेतला, चुरमुऱ्याची बशी घेतली आणि "चाल आमचीच हाय की" म्हणून उठले. अशा संध्याकाळी मला वाटतं, मंडळी म्हणजे काय हे समजायला दुसरं काही लागत नाही.

उन्हाळ्यात मुलांचं शिबिर झालं. झावळ्यांच्या रविवारी मुलं फांद्या हलवत रस्त्यावरून गेली. हे सगळं दरवर्षीचं, आणि दरवर्षी ते तसंच व्हावं असं मला मनापासून वाटतं.

पावसाळ्याचं मात्र वेगळं सांगायला हवं. कोल्हापुरात जुलै उजाडला की माणसं ख्यालीखुशालीच्या आधी विचारतात, पाणी किती फुटांवर? पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 म्हणजे धोका, हे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. 2019 ला महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, शहराला दूध आणि पेट्रोल मिळेना, व्हीनस कॉर्नरला बोटी फिरल्या. त्या दोन पुरांनी इथल्या माणसाची झोप कायमची हलकी करून ठेवली आहे. आता पाणी पस्तिशीच्या पुढे सरकलं की नदीकाठच्या गल्ल्यांत लोक गाद्या माळ्यावर टाकायला लागतात, आणि बांधाबांध सुरू झाली की आमच्या आवारातल्या हॉलचं कुलूप निघतं. त्यासाठी ठराव करावा लागत नाही. किल्ली शेजारच्या घरात असते, ज्याला आधी कळतं तो उघडतो.

गेल्या पावसाळ्यातही तसंच झालं. आलेली कुटुंबं बहुतेक आमच्या मंडळीबाहेरची. हॉलमध्ये ओल्या कपड्यांचा, फिनेलचा आणि शिजत्या भाताचा मिळून एक वास भरून राहिला होता. बायांनी आळीपाळीने चूल सांभाळली, आमटी-भात, सकाळी पोहे, मुलांना दूध. तरुण पोरं कुणाची शिलाई मशीन, कुणाची शेळी, कुणाची शाळेची दप्तरं पाठीवर घेऊन येत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका बाईने हॉलच्या कोपऱ्यात तिच्याबरोबर आणलेल्या देवाच्या तसबिरीपुढे निरांजन लावलं. आमच्यातली एक-दोन माणसं चुळबुळली. चर्चच्या हॉलमध्ये हे चालायचं का, अशी कुजबुज झाली. पाळकीणबाई उठल्या. निरांजनाच्या वर दोरीवर वाळत घातलेल्या साड्या होत्या, त्या त्यांनी काढून लांबच्या दोरीवर टाकल्या, दारातून येणाऱ्या वाऱ्याला पुठ्ठ्याचा आडोसा केला आणि परत भात ढवळायला गेल्या. कुजबुज आपोआप थांबली. वर्षभरात व्यासपीठावरून मी पुष्कळ चांगली प्रवचनं ऐकली, पण मनात राहिलं ते हे. अहवालात या साऱ्यासाठी वाक्य आहे, "पूरबाधितांना निवारा देण्यात आला व अन्नवाटप करण्यात आले."

आणि आता खरी गोष्ट. ज्या गल्लीतून ही कुटुंबं आली, त्याच गल्लीत आमच्या मंडळीचंही एक घर आहे. नवरा-बायको, दोन मुलं, नवऱ्याची आई. ते हॉलवर आले नाहीत. त्या धांदलीत ते आले नाहीत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. पाणी वाढलं तसे ते गडहिंग्लजला सुनेच्या माहेरी गेले होते, आठवडाभराने परतले, चिखल काढला, भिंती धुतल्या. हे कळलं कधी, तर वार्षिक सभेनंतर, आजींच्या प्रश्नामुळे नावं आठवायला बसल्यावर. परक्यांसाठी आम्ही दार उघडं ठेवलं होतं, ते उत्तमच केलं. आपलं माणूस त्या दारातून आत आलं का, हे पाहायला दाराशी कुणी नव्हतं.

हे असं का झालं असावं, याचा विचार करताना मला आमच्या अहवालाचाच इतिहास आठवायला लागला.

अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वायल्डर 1852 साली कोल्हापुरात आले, आणि या संस्थानी गावात अमेरिकन मिशनचं काम सुरू झालं. त्यांचं नाव इथल्या ख्रिस्ती माणसाला सांगावं लागत नाही. त्यांचं त्यांना पाठवणाऱ्या अमेरिकेतल्या मिशन बोर्डाशी जे भांडण झालं, ते मात्र आपण फारसं बोलत नाही. बोर्डाचे सचिव रुफस अँडरसन यांचं म्हणणं असं की मिशनऱ्याने उपदेश करावा, देशी मंडळ्या उभ्या कराव्यात, शाळांच्या व्यापात फार गुंतू नये. वायल्डरांचा जीव शाळांत होता. मुलाला वाचायला शिकवणं ही सेवा आहे की नाही, असा तो वाद. शेवटी बोर्डाशी संबंध तुटला. तरी 1861 मध्ये ते स्वतःच्या हिमतीवर कोल्हापूरला परतले, आणि पुढे दहाएक वर्षांनी प्रेस्बिटेरियन पंथाच्या मिशन बोर्डाने इथलं काम आपल्याकडे घेतलं. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 साली याच गावात जन्मला आणि पुढे अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना परदेशी मिशनसेवेसाठी उभं करण्यात त्याने आयुष्य घातलं. सेवा कशाला म्हणायचं, यावर आमच्या गावात वाद सुरू होऊन आता पावणेदोनशे वर्षं होत आली.

त्या काळी दरवर्षी मिशनचा अहवाल समुद्रापार जायचा. तिकडे, कधी कोल्हापूर न पाहिलेली माणसं आपल्या रविवारच्या अर्पणातून इथल्या कामाला पैसे देत होती. त्यांना हिशेब द्यायला हवा होता. किती शाळा, किती मुलं, किती सहभागी सभासद, किती गावांत उपदेश. तो हिशेब प्रामाणिक होता आणि आवश्यकही होता. आता पैसे तिकडून येत नाहीत. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात अनेक चर्च एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (सीएनआय) स्थापन झाली, त्यालाही अर्धं शतक उलटून गेलं. आमचं आम्ही चालवतो. कुणाच्या पगारातून, कुणाच्या पेन्शनमधून, हंगामाच्या सणाला लिलावात शंभर पट किमतीला घेतलेल्या एका नारळातून. पण मला असं वाटायला लागलं आहे की आमचा अहवाल अजूनही त्याच दूरच्या माणसाला उद्देशून लिहिला जातो. त्याला दाखवायचं असतं की काम झालं. आपण एकमेकांसमोर बसून तो वाचतो, तरी त्याची नजर आपल्या डोक्यांवरून पलीकडे कुठेतरी लागलेली असते. आजींचा प्रश्न घरातल्या माणसाचा होता. रात्री जेवणाला पानं मांडताना आई विचारते, आज कोण नाही? तिला कुणाला हिशेब द्यायचा नसतो.

हे मिशनच्या लोकांना बोल लावायला लिहीत नाही. त्यांच्याच शाळांत माझी आजी अक्षर गिरवायला शिकली. मिरजेत 1894 साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिशनचं हॉस्पिटल उभं केलं. तेव्हापासून आमच्याकडे घराआड एक नर्स आहे, आणि त्या नर्सांच्या पगारावर कितीतरी घरांतली भावंडं शिकली. शाहू महाराजांनी कोल्हापुरात वेगवेगळ्या जातीधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहावीत म्हणून मदत दिली, त्यांत ख्रिस्ती मुलांचंही वसतिगृह होतं. या गावात आम्ही आश्रितासारखे राहिलेलो नाही, गावाने आम्हाला जागा दिली आणि आम्ही गावाला माणसं दिली. पण माणसं देता देता ती जाताना मोजायची राहिली.

कारण आता मुली मिरजेला जात नाहीत, त्या पुण्याला, मुंबईला, आखातात जातात. मुलं हिंजवडीला. नाताळात येतात, तेव्हा चर्च भरून बाहेर मांडवात खुर्च्या टाकाव्या लागतात. केक, करंज्या, डोनटचे डबे इकडून तिकडे फिरतात, रात्री कॅरलचा टेम्पो निघतो, डफ आणि खंजिरी, थंडीत तोंडातून वाफ, आणि ही मुलं गळा सोडून गातात. एक जानेवारीची उपासना झाली की बसस्टँडवर त्यांच्या बॅगा. पुढच्या रविवारी आम्ही असतो तेवढेच. पन्नाशीच्या पुढचे बरेच, शाळकरी मुलं थोडी, आणि मधलं वय जवळजवळ रिकामं. या मुलांची नावं रजिस्टरमध्ये आहेत. ती काढली जाऊ नयेत असं त्यांच्या आयांना वाटतं आणि मलाही वाटतं. पण ती मुलं 'आहेत' असं धरून वर्ष चालवलं की आकडा फुगतो आणि बाक रिकामे राहतात.

गावातच राहून जी येत नाहीत, त्यांचं दुःख आणखी वेगळं. सभेनंतरच्या आठवड्यात आम्ही तिघीजणी काही घरी जाऊन आलो. कमिटीच्या वतीने वगैरे नाही, सहज गेल्यासारख्या. नदीकाठच्या त्या घरात सासूबाईंनी दार उघडलं. भिंतीवर पाण्याची रेघ अजून दिसत होती, तिच्यावरच मुलाच्या शाळेचं बक्षिसाचं प्रमाणपत्र लावलेलं. बोलता बोलता कळलं की मुलगा कारखान्यात आहे, कारखान्याची सुट्टी सोमवारी. रविवारी सकाळी पहिली पाळी. त्याने पाळी बदलून मागून पाहिली, मिळाली नाही. सून आधी मुलांना घेऊन यायची, पण सगळी जोडीनं बसलेली आणि आपण एकटी, लोक विचारतात हे कुठं आहेत, दर वेळी तेच उत्तर द्यायचं, म्हणून तिचंही सुटलं. "आमी सोमवारी घरातच वचन वाचतो की," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. मंडळी आपल्याला विसरली असं त्यांना वाटत नव्हतं, आपणच मंडळीतून कमी झालो असं वाटत होतं. ते ऐकताना माझ्या पोटात तुटलं.

दुसरे एक गृहस्थ, निवृत्त एसटी ड्रायव्हर. बायको गेल्यानंतर चार-पाच रविवार आले, मग बंद झाले. आम्हाला वाटलं होतं, दुःखामुळे. ते घरात एकटे बसले होते, रेडिओ मोठ्याने लावलेला. त्यांना ऐकू कमी येतं, हे आम्हाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे की गीताचा क्रमांक सांगितला की त्यांची बायको पुस्तक उघडून ओळीखाली बोट धरून चालायची, उभं राहायचं झालं की कोपर लावायची, शास्त्रवाचन कुठलं ते तळहातावर बोटाने लिहून दाखवायची. आता सगळे उभे राहिले की ते मागाहून उभे राहतात, सगळे बसले की ते उभेच. "पोरं हसत न्हाईत, पण मला समजतं," म्हणाले. एवढी वर्षं ते दोघं आमच्या पुढच्या बाकावर बसत होते आणि ती बाई दर रविवारी केवढं मोठं काम करत होती! कुठल्या अहवालात ते कधी आलं नाही आणि येणारही नाही. ती गेल्यावर ते काम कुणाकडे द्यायचं होतं? कुणाकडे द्यायचं असतं, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

आणि एक कुटुंब आमच्यातून उठून दुसऱ्या एका नव्या संगतीत जातं. हॉल भाड्याने घेतलेला, कीबोर्ड, ड्रम, स्क्रीनवर गीतांचे शब्द, प्रार्थनेला मोठा आवाज. त्यांच्याबद्दल मंडळीत कडवट बोललं जातं. मला ते आवडत नाही, आणि मला दुखलेलंही आहे, कारण त्यांच्या मुलीला मी रविवारच्या शाळेत शिकवलं. ती रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, बाई, तिथे कुणीतरी माझ्या डोक्यावर हात ठेवून माझं नाव घेऊन प्रार्थना केली. आमच्याकडे प्रार्थनेत आजाऱ्यांची नावं घेतात, प्रवासाला निघालेल्यांची घेतात, परीक्षेला बसणाऱ्यांची सरसकट घेतात. धडधाकट, घरीच असलेल्या, काही विशेष न घडलेल्या सतरा वर्षांच्या मुलीचं नाव कुठे येतं?

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी प्रवचनाला वचन घेतलं, पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्याय. मला वाटलं होतं हरवलेल्या मेंढराचा दाखला घेतील, तो सगळ्यांना पाठ आहे. हा अध्याय कुणी मोठ्याने वाचत नाही, कारण त्यात नुसती नावं आहेत. एवढा मोठा विचार मांडून झाल्यावर शेवटी पौल सलाम सांगत बसतो. फिबी, प्रिस्किल्ला आणि अक्विला, त्रुफैना, पर्सिस, रूफ आणि त्याची आई, 'जी माझीही आई झाली' असं पौल म्हणतो. पाळकसाहेबांनी सगळी नावं सावकाश वाचली, कुठे अडखळले तिथे परत वाचली. मग म्हणाले, पौल तेव्हा रोमला गेलेला नव्हता. जिथे पाऊल टाकलं नाही तिथल्या एवढ्या माणसांची नावं त्याला ठाऊक होती, कोण कुणाच्या घरी जमतं तेही ठाऊक होतं. एवढंच बोलून त्यांनी प्रवचन संपवलं. एरवी अर्ध्या तासाच्या प्रवचनाला सरावलेली माणसं गोंधळून एकमेकांकडे पाहायला लागली. पेटीवाल्याला पुढच्या गीताचं पान सापडायला वेळ लागला.

त्यानंतर कमिटी बसली. बरीच वादावादी झाली आणि ती झाली हे चांगलं झालं. खजिनदारांचं म्हणणं, तीन वर्षं जे आले नाहीत आणि ज्यांची वर्गणीही नाही, त्यांची नावं वेगळी काढा, म्हणजे खरं चित्र दिसेल. त्यात तथ्य आहे. तरुणांच्या प्रतिनिधीचं म्हणणं, करोनाच्या काळात सुरू केलेलं उपासनेचं थेट प्रक्षेपण बंद करून टाकू, त्यामुळे लोक घरी बसतात. त्यावर एक बाई म्हणाल्या, माझी आई अंथरुणाला खिळलेली आहे, ती रविवारी सकाळी आंघोळ करून, नवं पातळ नेसून मोबाइलसमोर बसते, ते बंद करणार असाल तर आधी तिला येऊन सांगा. प्रक्षेपण चालू राहिलं. कुणी सुचवलं, पुढच्या अहवालात एक रकाना करू, 'न येणारे', आणि पुढे 'कारण'. पहिल्याला माझी हरकत नव्हती, दुसऱ्याला मी विरोध केला. ऐकू येत नाही, पाळी बदलून मिळत नाही, कुणी नाव घेत नाही, ही कारणं त्या माणसांनी आपल्या घरात, आपल्या चहाबरोबर आम्हाला दिली आहेत. ती छापून वाटायची नसतात. त्यावर काही करायचं असतं.

आजी कमिटीवर नाहीत, पण त्यांना बोलावलं होतं. त्या सगळं ऐकत बसल्या. शेवटी पाळकसाहेबांनी विचारलं, आजी, तुम्हाला काय वाटतं? त्या म्हणाल्या, "पैल्यांदा जाऊन या सगळ्यांकडं. मग काय ल्हिवायचं ते ल्हिवा."

आता गल्लीवार घरं वाटून घेतली आहेत. सोमवारी संध्याकाळी नदीकाठच्या त्या घरी प्रार्थनासभा सुरू झाली, आणि पाहतो तो साप्ताहिक सुट्टी सोमवारची असणारी आणखी दोन घरं निघाली. पेटी आता रविवारी दुपारी परत कपाटात जात नाही. एसटीतल्या काकांच्या शेजारी रविवारच्या शाळेतला एक मोठा मुलगा बसतो, पुस्तकात ओळ दाखवतो, उभं राहायचं झालं की कोपर लावतो. त्याला हे कुणी शिकवलं नाही, नुसतं सांगितलं. रजिस्टरमधल्या नावांचं काय करायचं, ते पुढच्या सभेवर टाकलं आहे. ड्रमच्या संगतीत गेलेल्या कुटुंबाकडे मात्र अजून कुणी गेलेलं नाही. जावं की नाही, यावरच एकमत नाही. गेलात तर परत बोलवायला आलात असं त्यांना वाटेल, असं काहींचं म्हणणं. मला वाटतं, बोलवायला नाही, भेटायला जावं, आणि त्या मुलीची बारावी आहे, तेव्हा परीक्षेच्या आधी जावं. वाटणीच्या कागदावर त्या घरापुढे जागा रिकामी होती. मी तिथे माझं नाव लिहिलं आहे.